साडेसत्तावन

महापालिकेनं मला पट्टे मारायला घेतलंय.
खांबामागं साठ रुपये, रंग माझा, शिडी त्यांची.
निळ्याच्या आत नदीचं राज्य,
लालपर्यंत तिची ये-जा,
असं इंजिनिअरनं टपरीवर सांगितलं
आणि तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावला.
आकडा सगळीकडं एकच, आयर्विन पुलावरचा.
तो कुठं गुडघ्याला लागतो,
कुठं शिडीच्या नवव्या पायरीला.

डबे मारुती रोडच्या शहांकडून घेतले,
बुडालेला माल, निम्म्या भावात.
लेबलं वाहून गेलेली.
झाकण उचकटेपर्यंत आत लाल आहे की निळा
शहांनाही ठाऊक नाही.
एकातून गुलाबी निघाला. तो घरी नेला.

सूर्यवंशी प्लॉटात गाडीतून एकजण उतरला,
हातात पाचशेची घडी:
"पेंटर, वीतभर खाली घ्या की.
रविवारी गिऱ्हाईक येतंय बंगला बघायला."
मागच्या बोळात राबिया नदाफ म्हणाली,
"वर मार रे बाबा. कागदावर दोनच फूट लिवलंय.
माझ्या गाद्या पंख्याला टेकल्या हुत्या."
एका गल्लीत एकाच पाण्याच्या दोन उंच्या.
यंत्रानं दोघांचंही ऐकलं नाही.
पाचशे मी घेतले नाहीत, असं लिहून ठेवतो.
घेतले असते तर तेही लिहिलं नसतं.

हरिपुरात भूपाल चौगुल्यांनी पेवाचं तोंड दाखवलं.
इथं हळद वर्षानुवर्षं झोपायची,
ना कीड, ना ओल.
आता वाकून हाक मारली
की आवाज भिजून वर येतो.
"ह्याला पट्टा कुठं मारणार?"
मी शिडी खांद्यावर घेतली.

दत्तनगरात एका दाराला कुलूप.
शेजारीण धुणं पिळता पिळता बोलली:
मामा नावेत बसले हुते. उतरून परत गेले,
म्हशीचं दावं सोडायला.
म्हस पवत आली, शाळेच्या पायरीला लागली.
आता माझ्याकडंच आहे. दूध बरं देती.
मी गोठ्यात डोकावलो.
खुंटा तिथंच होता, दावं खाली पडलेलं,
गाठ नीट सुटलेली.

ठेकेदार म्हणतो, आकड्याच्या वर
हातभर जागा कोरी सोडत जा.
का, ते मी विचारलं नाही.

एकशे बारा खांब झाले. बिल अडकलंय.
ऑगस्ट लागला की ओळख नसलेला माणूसही
रस्त्यात थांबवून विचारतो, "आयर्विन किती?"
जणू घरच्या आजाऱ्याचा ताप विचारावा.

गुलाबी रंग मी स्वयंपाकघराला दिला.
छातीपर्यंत गेला आणि संपला.
बायको लाटणं हातात घेऊन बघत राहिली.
"हितंवरच?"
म्हटलं, डबा एकच होता.