क्रमांक सतरा

मुजावर मॅडम,
तुमच्या तक्त्यात मी क्रमांक सतरा.
वय चौसष्ट, उजवी बाजू, सात महिने.
नाव लिहायचं नाही, नियम आहे म्हणता,
पण हाक मारताना हिंदुरावकाका म्हणता,
ते कुठल्या रकान्यात जातं?

मशीन बघून पहिल्यांदा हसूच आलं.
न्हाव्याकडची असावी तशी खुर्ची,
पाठ रेललेली, पाय पुढं,
आणि म्हणे चाला!
चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथपुढं उभा राहिलो.
बसून केलेल्या कामाला
आम्ही काम म्हटलंच नाही कधी.

दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर आठशे बेचाळीस पावलं.
मी मनात रस्ता मोजला.
शाहू मिल मागं टाकली, बिंदू चौक,
महाद्वारातनं कशीबशी वाट काढली,
आणि गंगावेशीत म्हशी उभ्या होत्या तिथवर गेलो.
धारोष्ण दूध न पिताच परत.
पावलं जास्तीची लागतात म्हणाल,
लागू देत. माझा रस्ता, माझा हिशेब.

पाकिटातनं चिठ्ठी निघाली म्हणून मी इथं.
बापूसो मगदूमाची दुसरी निघाली,
तो तिकडं दोन दांड्यांच्या मधनं
जमिनीवर खरंखुरं चालतोय.
चहाला भेटलो की विचारतो,
"बसून काय मिळतंय रं तुला?"
मी म्हणतो, घाम.
तो म्हणतो, "मला भ्या."

आता एक कबुली.
किती दम लागला, सहा ते वीसमधला आकडा सांगा, म्हणता.
सहापासूनच का, ते तुम्हालाही नीट सांगता आलं नाही.
मी रोज तेरा सांगतो.
पंधरा म्हटलं तर थांबवता,
अकरा म्हटलं तर बोजा वाढवता.
तेरा बरा.
तुमच्या अभ्यासात एवढी भेसळ माझी आहे,
माफी असावी.

पण खरी गोष्ट वेगळीच.
डावा पाय दाबतो, उजवा जवळ येतो.
उजव्याची पाळी आली
की डावा हात दांडा रेटतो आणि उजवा पुढं जातो.
एका पट्ट्यावर दोन पुली.
एक फिरते, एक फिरवली जाते.
लांबनं बघणाऱ्याला
दोन्ही कामावर दिसतात.

घरी पण तसंच.
शालन माझ्या शर्टाची बटणं लावते,
शेवटचं अर्धं लावून सोडते,
मग म्हणते, "बघा, तुमचं तुम्हीच लावलं की."
मी पण म्हणतो, व्हय.

तुमचा आलेख चढत चालला होता.
तुम्ही खूश, मोठे डॉक्टर खूश.
मला मात्र रात्री झोप येईना.
यातलं उजव्याचं किती?
लोड कुणावर आहे ते बघायचं
तर पट्टा उतरवावा लागतो,
हे उद्यमनगरातलं हेल्पर पोरगंसुद्धा सांगेल.

म्हणून मंगळवारी, तुम्ही फोनवर होता तेव्हा,
मी डावा पाय उचलून खाली ठेवला.
डावा हात मांडीवर.
आणि उजव्याला म्हटलं, आता तू.

काही नाही.
पंख्याचा आवाज.
परत म्हटलं. शिवी पण दिली एक, जुनी, कारखान्यातली.
मांडीत कुठंतरी खोल
थंडीतलं इंजिन गुरगुरावं तसं झालं,
आणि पेडल सरकलं.

तुम्ही धावत आलात, "काका, असं नाही करायचं!"
पडद्यावर शून्यच होतं.
अर्धं पाऊल मशीन मोजत नाही.
हे धरता येणार नाही, म्हणालात,
आणि मग पेन्सिलीनं कडेला काहीतरी लिहिलंत,
हात आडवा धरून.

किती सरकलं ते विचारायचं राहिलं तुमचं.
बहात्तर मिलिमीटर. एखादा कमी-जास्त.
नजरेनं मोजतो मी,
नजर काही उजवी-डावी झाली नाही अजून.

मग सवयीनं विचारलंत, दम किती लागला?
वीस, म्हटलं.
आजवरच्या माझ्या आकड्यांत
तेवढा एक खरा धरा.