रांजण

टाईनकाठी, रोमन छावणीमागे,
कोपऱ्यावरच्या रांजणात
येणारे-जाणारे मोकळे होतात.
तीन दिवस मुरलं
की ते सेनोवाराचं.

गुडघ्यापर्यंत उतरते ती त्यात,
शिपायांचे झगे तुडवते,
नदीत खळबळून पीळ घालते.
मळ जातो.
टाचांच्या भेगा तेवढ्या
रात्रभर चुरचुरतात.

हिशेबनीस कँडिडस येतो,
लांबूनच मोजतो:
अकरा झगे, दोन घोंगड्या, एक मोजा.
दुसरा कुठाय?
नाकाला बाही लावूनच विचारतो.

बाही पांढरीशुभ्र.
परवाच धुतलेली, तिनेच.

ती आभाळाकडे बघते. ऊन नाहीच.
सगळं चुलीभोवती वाळवायचं आता,
आणि पोरीचा एकुलता अंगरखा
राखेच्या पाण्यात
वेगळा भिजत घातलाय,
तो आधी.