गाळपेर

रविवारी सकाळी सातला निघायचं, असं शनिवारी ठरतं.
सातला ऋजू झोपलेली असते,
आठला जागी, पण भुकेली,
नऊला आंघोळ झाली की पुन्हा डोळे मिटते,
आणि दहापर्यंत सिडकोतलं ऊन
गॅलरीतली दुपटी पापडासारखी कडक करून टाकतं.
शलाका म्हणते, जाऊ दे, संध्याकाळी.

सामान मला आता पाठ आहे.
उकळून गार केलेलं पाणी, नाचणीचं सत्त्व, वाटी, चमचा,
तीन लंगोट, चौथा शलाकाच्या पर्समध्ये,
खुळखुळा, जो तिला नको असतो,
आणि गाडीची किल्ली, जी हवीच असते.
लग्नाआधी आम्ही दोघं रामशेजवर चढलो होतो
एक बाटली आणि शेंगदाण्याच्या पुडीवर.

एप्रिलअखेर सोमेश्वरला नेलं, धबधबा दाखवायला.
धबधबा नव्हता.
काळा कातळ, खोबणीत हिरवट पाणी,
त्यात वेफर्सची रिकामी पिशवी.
"बघ, इथून पाणी पडतं," मी हात करून सांगितलं.
ती हाताकडे बघत राहिली,
मग बोटाकडे,
मग बोट तोंडात.
खालचे दोन दात तेव्हाच येत होते.

परतताना करवंदं घेतली, पानाच्या द्रोणात.
एक तिनं मुठीत चिरडलं,
शलाकानं ती मूठ दोन सिग्नल धरून ठेवली,
तिसऱ्याला ती सुटली आणि माझ्या पाठीला पुसली गेली.
डाग निघाला नाही.
शर्ट कपाटात आहे.

मे महिन्यात धरणाकडे गेलो, गंगापूरच्या फुगवट्याला.
पाणी इतकं मागे सरलेलं
की काठ गाठायला भेगाळ चिखलावरून चालावं लागलं.
तिथं वारा होता. वाऱ्यानं टोपी नेली,
पिवळी, बदकांची, शलाकाच्या आईनं शिवलेली.
मी धावलो. टोपी माझ्याहून चपळ निघाली.
ऋजू खदखदून हसली:
बापाला पळताना ती पहिल्यांदाच बघत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच.
टोपीसाठी नाही, असं दोघंही म्हणत होतो.
गाळपेरीतल्या काकडीच्या वेलांमध्ये
एका काठीवर ती बसली होती, बदकांसकट,
खाली फाटका शर्ट, दोन्ही बाह्या पसरलेल्या.
काकड्या तोडणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "तुमची का?
पाखरं काही भेत नाहीत तिला. पण बरी दिसती."
शलाका म्हणाली, राहू द्या मग.

त्यांनी न विचारता ऋजूला कडेवर घेतलं
आणि ती रडली नाही,
तिसऱ्या मजल्यावरच्या वाघकाकांचा नुसता खोकला ऐकून
रडणारी ही पोर.
बुजगावण्याकडे टक लावून बघितलं तिनं,
मग स्वतःचं डोकं चाचपलं.

"पाऊस लागला की हे समदं पाण्याखाली," हौसाबाई म्हणाल्या.
"मग तुम्ही?"
"मग वर. पाणी उतरलं की आम्ही खाली.
त्याचं आमचं ठरलेलंय."
चार काकड्या दिल्या. पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री वीज गेली.
गॅलरीत सतरंजी टाकून मी जुन्या पेपरानं वारा घालत होतो,
वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त.
शलाकानं काकडी चिरली, कडू निघाली नाही एकही,
आणि ऋजूनं एक लांब फोड धरून
दोन दातांनी तिच्यावर अर्धा तास काम केलं.
काकडी जशीच्या तशी. फक्त ओली.

सोमवारी सातपूरला माझी दुसरी पाळी.
पहाटे पाचला नळ येतो, धरणाचाच.
पातेलं लावतो, फडक्यानं गाळतो, उकळतो,
आणि गॅसजवळ उभ्या उभ्या वाटतं,
ऑगस्टात ह्यात ते काकडीचं रान असेल थोडं,
त्या भेगा, आमच्या चपलांचे ठसे,
बहुतेक टोपीही.

वाटी गार झाली.
ऋजूनं कोपरापर्यंत हात घातला आत.
"अगं, प्यायचंय ते!" शलाका ओरडली.