ओउलूत किलो जास्त भरतो

तक्रार आली तेव्हा मी चकाल्याच्या गाळ्यात
खोक्यांवर 'नाजूक' अशी पट्टी चिकटवत होते.
ईमेल दोन ओळींचा,
फिनलंडहून, ओउलू नावाच्या गावाहून:
तुमचे चाळीसही काटे खोटं बोलतात.
किलोमागे जवळजवळ चार ग्रॅम.

'खोटं' हा शब्द पिंगुळकरसाहेबांनी तीनदा वाचला,
मग चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवला.
त्यांच्या आजोबांनी मस्जिद बंदरला
काटा मारणाऱ्या दुकानदाराला
तराजू विकायचं नाकारलं होतं.
ही गोष्ट आम्ही कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापतो.

तोवर मला वाटायचं, परदेश म्हणजे कागद.
जेद्दाच्या बिलावर आधी तारीख की आधी महिना
एवढ्यावरून आमचा कंटेनर
न्हावाशेवाला अठरा दिवस तापत पडला.
दारेसलामच्या एजंटाने आठ महिने पैसे थकवले
तेव्हा कळलं, उधारीला पासपोर्ट लागत नाही.
आणि युरोपच्या मान्यतेचा खर्च ऐकून
साहेब म्हणाले, एकच मॉडेल पाठवू.
एकच, पण मान वर करून.

हे मात्र कागदाचं नव्हतं.
आम्ही बॅटरी तपासली, सेल तपासला,
कुरियरवाल्याला शिव्या घातल्या.
शेवटी साहेबांची पुतणी शर्वाणी,
डोंबिवलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते,
स्पीकरवर हसत म्हणाली,
काका, पृथ्वी ध्रुवांकडे जरा चपटी आहे.
तिथला माणूस तिच्या पोटाच्या जास्त जवळ,
म्हणून ती तिथे जास्त ओढते.
तुमचा काटा खरंच बोलतोय.
फक्त चकाल्याचं खरं.

गाळ्यात कुणी काही बोललं नाही.
कॉम्प्रेसर तेवढा चालू होता.

हसनमियाँ परकार कानशीत अडकलेला पितळेचा चुरा
ब्रशाने झाडत होते, ते थांबले.
दांडीच्या तराजूला हे दुखणं नव्हतं, म्हणाले,
दोन्ही पारड्यांना तीच जमीन ओढायची.
मग खालचा कप्पा उघडून
त्यांनी एक किलो बाहेर काढला:
पितळी, चाळीस वर्षं हाताने चमकवलेला.
हा पाठवा. हा कुठेही गेला तरी हाच राहतो.
काट्याला तिथे गेल्यावर याच्याकडून शिकू दे.

कुरियरच्या फॉर्मवर विचारलं होतं,
वस्तूची किंमत?
मी 'नमुना, विक्रीसाठी नाही' लिहिलं.
त्यांना आकडाच हवा होता.
मी हसनमियाँकडे पाहिलं,
त्यांनी खिडकीकडे पाहिलं.
शंभर रुपये लिहिले. अजून खुपतं.

तेरा दिवसांनी व्हिडिओवर ती बाई आली,
मिर्या लेहतो. मागे बेकरी, पिठाचे हात,
दुपारी तीनला बाहेर अंधार.
नाव ऐकून साहेब खुलले,
आमच्या रत्नागिरीला मिऱ्या बंदर आहे, म्हणाले,
हे मी इंग्रजीत सांगितलं
आणि कुणालाच काही कळलं नाही.
तरी ती हसली.

किलो पारड्यात ठेवा.
डावं बटण दाबून धरा. सोडू नका.
आकडा थरथरला, खाली आला, थबकला.
१.०००.
तिने कॅमेरा इतका जवळ आणला
की त्या पितळेत
आमच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसतोय असं वाटलं.
तो तिचाच असणार.

आता ऑर्डरच्या फॉर्मवर आम्ही एक रकाना वाढवलाय:
तुमचं गाव कोणत्या अक्षांशावर?
लोकांना वाटतं, हवामानासाठी असेल.

पितळी किलो परत आलेला नाही.
हसनमियाँ दर सोमवारी विचारतात,
मी दर सोमवारी 'वाटेत आहे' म्हणते.
आज नैरोबीहून चौकशी आली.
शर्वाणीला फोन लावला.
तिथे, ती म्हणाली,
आपण ग्रॅमभर हलके भरू.