हाफ

खांडेपारच्या पुलाअलीकडे बस थांबते,
समोरून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकला वाट देत.
पुढच्या सीटवरचा मुलगा
कानातली बोंडं न काढताच म्हणतो, "फर्मागुडी, हाफ."
कंडक्टरही वर बघत नाही.
यंत्रातून कागदाची जीभ बाहेर येते.
एवढंच.

हा शब्द आम्ही रस्त्यावर बसून मागितला होता
फोंड्याच्या तिस्कावर, तापल्या डांबरावर,
बुडाखाली अर्थशास्त्राच्या वह्या घेऊन.
"सरस्वतीवर बसल्यात मेल्या!" असं एक म्हातारा ओरडला
आणि थोड्या वेळाने त्यानेच कळशीभर पाणी आणून ठेवलं.
घामाने शाई विरघळली.
मागणी-पुरवठ्याची आकृती माझ्या स्कर्टवर उमटली,
ती कितीही धुतली तरी गेली नाही.

दुर्गादासने भाषण लिहून आणलेलं. वाऱ्याने उडालं.
मग त्याने बसभाड्याचा तक्ताच म्हणून दाखवला,
उसगावपासून एकेक थांबा, एकेक पैसा,
आणि शेवटी, "माझा बापूस दिवसाला किती कमावतो, सांगू?"
लोक रडले.
तक्ता ऐकून रडणारी माणसं
मी त्यानंतर पाहिलेली नाहीत.

कायतानचे दोन दात गेले. लाठीने नव्हे,
पळताना पोदेराच्या सायकलवर आपटला, पाव रस्ताभर.
पुढे तारवटी झाला. त्या फटीतून शिट्टी फार चांगली वाजते,
असं त्याने मोंबासाहून पत्रात लिहिलं होतं.
पदवी राहिली ती राहिलीच.

आई शेजारणींना सांगत होती,
"म्हार्दोळला गेलीय, मावशीकडे."
पोलीस आला, त्यालाही तेच.
तिसऱ्या दिवशी ती मावशीलाच घेऊन तिस्कावर आली,
डब्यात भाकऱ्या आणि अळसांद्यांचं तोणाक.
"खाणार कोण कोण?" एवढंच विचारलं तिने.
त्यानंतर बाबांनी पगार हातात ठेवीपर्यंत
दर महिन्याला ती दारात बसायची
आणि हसत म्हणायची, घेराव.
आमच्या वाड्यावरच्या मुली
दिवेलागणीनंतरही घराबाहेर असू शकतात
हे वाड्याला कळलं
आम्ही अकराजणी चौकीवरून चालत परतलो त्या रात्री.
कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

सगळंच काही गोड नाही.
दुर्गादासच्या आता चार बसगाड्या आहेत.
त्यांत कुणी हाफ म्हटलं की सुटे नसतात.
आणि प्रेमावती, जिची वेणी धरून मी पोलिसांच्या गाडीत चढले,
ती भाषेच्या वादात पलीकडे जाऊन बसली, मी अलीकडे.
दोन्हीकडच्या घोषणांची चाल मात्र एकच होती,
आमचीच, तिस्कावरची,
तिनेच बसवलेली.
रस्त्यापलीकडून ती माझ्याकडे बघून चुकून हसली.
मग आम्ही दोघींनी तोंडं फिरवली.
अजून बोललेलो नाही.

कंडक्टर माझ्यापाशी येतो. केसांकडे बघतो.
"ज्येष्ठ? कार्ड आसा?"
आहे. आता मलाही हाफ.
या टोकाला आणि त्या टोकाला अर्धं,
मधली सगळी वर्षं पुऱ्या भाड्याने काढली.
तो मुलगा मोबाइलमध्ये काहीतरी बघून
एकटाच हसतोय. त्याला सांगू?
काय सांगू? त्याला माहीत नाही
हेच तर आम्हाला मिळालं:
न मागता, न बघता,
तोंडातल्या तोंडात म्हणता येणारा शब्द.

कुर्टी गेली. तिस्कावर बस वळते.
तिथे आता कसलासा फलक आहे, बंगल्यांच्या जाहिरातीचा.
मी पाय जरासे वर उचलून धरते,
दर वेळी,
खाली कुणाच्या वहीला लागू नयेत म्हणून.