उत्तरेची भिंत

भिंत पाडायचं ठरलं त्या सभेत
माणसं साठ होती आणि पंखे दोन.
आर्किटेक्ट मुलीनं नकाशा पसरला,
तो गुंडाळून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवलं
दानपेटीचं कुलूप, कुणाचा तरी चष्मा,
अर्धी मेणबत्ती आणि माझं पावतीपुस्तक.
म्हणाली, उत्तरेची भिंत अठरा फूट बाहेर सरकेल.
जणू भिंत म्हणजे ओट्यावर बसलेली शेजारीण,
सरका म्हटलं की सरकणारी.

आम्ही खारोडीत इगर्जीला देऊळच म्हणतो.
पूर्वी ते पुरायचं.
माझ्या लहानपणी मागचे तीन बाक इतके मोकळे
की त्यांवर सुकट वाळत घालावी.
मग भाताची खाचरं बुजली, टॉवर उठले,
टॉवरांत कोट्टयमच्या नर्सबाई आल्या,
सिमडेग्याच्या मुली आल्या दुसऱ्यांची पोरं सांभाळायला,
आणि रविवारी देव आत, अर्धी माणसं बाहेर
ताडपत्रीखाली,
एका भोंग्यासमोर, जो वाक्याचा शेवटचा शब्द गिळायचा.
‘प्रभू तुम्हांबरोबर’ एवढंच ऐकू यायचं.
असो की नसो, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

बाल्तू काका आत जागा असली तरी बाहेरच.
एकोणीस वर्षं.
तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मधोमध
भिंतीला पाठ लावून.
कुणी म्हणे विडीसाठी,
कुणी म्हणे जुन्या पाद्र्याशी वाजलं होतं,
कुणी म्हणे आत गेलं की सेर्वीनाची जागा दिसते.
मी विचारलं नाही.
महिन्याचे दोनशे मात्र चुकले नाहीत,
घामानं मऊ झालेल्या नोटांत.

पहिला घाव घालण्याआधी
मालदाच्या सेनाउल मिस्त्रीनं चपला काढल्या.
ते बघून फादरांनीही काढल्या.
मग दोघांनी परत घातल्या, खाली खिळे होते.
भिंतीतून निघाला शिंपल्यांचा चुना, भाताचा तूस,
एक कवडी, बिनकामाची.
तिसऱ्या-चौथ्या खिडकीमध्ये हात ठेवून मिस्त्री म्हणाला,
इथे आतून नळ जातो का? ओल धरलीये.
पाठीएवढा डाग होता, तेलकट.
म्हटलं, नळ नाही. माणूस आहे.

पैसे संपले. मग आले. मग परत संपले.
कोटा फरशीवरून आम्ही साध्या सिमेंटवर उतरलो
आणि रंगीत काचांवरून साध्या काचांवर.
बिबियाना कुजूरनं पगारातले पाचशे दिले,
नाव नको म्हणाली.
मी पावतीवर लिहिलं, ‘विटांसाठी’.
म्हणाली, कुठल्या?
प्लास्टर चढायचं होतं अजून, मी एक दाखवली, कुठलीतरी,
दाराच्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर.
देवळात खोटं बोललो.
आता ती येता-जाता गिलाव्यावर तिथेच बोट टेकते,
आणि मला हिशेब जुळल्यासारखं वाटत नाही.

अभिषेकाच्या दिवशी बिशप आले, बँड आला,
नव्या रंगाच्या वासानं धूपही हरला.
बाल्तू काका नेहमीसारखे उशिरा आले,
गल्लीनं वळून, नेहमीच्या पावलांनी
आपल्या जागेवर.
जागा आत होती.
ती तसूभर हलली नव्हती. देऊळ सरकलं होतं.

सवयीनं त्यांनी पाठ मागे टाकली.
मागे भिंत नाही.
एका नर्सबाईचा मुलगा होता, बाकावर उभा,
त्यानं दोन्ही हातांनी त्यांना थोपवलं
आणि खेळ समजून हसला.
काका बसले नाहीत. बाहेरही गेले नाहीत.
नव्या भोंग्यातून ‘असो’ आलं, चांगलं खणखणीत,
तेव्हा त्यांनी वर बघितलं,
छत गळतंय का बघावं तसं.

नाताळला पुन्हा ताडपत्री बांधली, या वेळी दोन्ही बाजूंना.
भाडं आठशे, बांबूंचे वेगळे.
पावती माझ्याकडे आहे.