पालकांची सही

तिसरी पाळी सातला सुटते.
सातपूरच्या नाक्यावर धुकं इतकं
की समोरच्या टेम्पोचा नुसता आवाज येतो.
मी घरी पोचतो तेव्हा उषा गेलेली असते.
जानेवारी ते मार्च तिचा दिवस पिंपळगावला उगवतो,
द्राक्षांच्या पॅकहाउसात.
हातात प्लास्टिकची कडी. कडीत मणी धरायचा.
अठरा मिलिमीटर भरला तर बोटीत,
नाही भरला तर आपल्याच बाजारात.

तासभर शेजारच्या खैरनारबाई दार लोटून लक्ष ठेवतात.
फ्रीजवर चिठ्ठी:
भाजी झाकलीय. केस विंचर.
दात हलतोय, ओढू नकोस.

शमिका, इयत्ता दुसरी, गोधडीत.
पाणी तापलंय.
नाही तापलं.
हात घालून बघ.
तूच घाल.
असं वीस मिनिटं.

मग मोजे. एक सापडला.
दुसऱ्यासाठी दप्तर उपसलं
तर डायरी हाताला लागली.
गांगुर्डे मॅडमचा लाल शेरा:
वर्गात फार बोलते. सातचा पाढा कच्चा.
पालकांची सही आवश्यक.
आणि खाली माझी सही.

द. शं. मोगल.
'द'चा पाय पुढे ओढून 'मोगल'ला अडकवलेला,
खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.
ती टिंबं मी का देतो
मलाही माहीत नाही.
तिने तीही दिली होती.
पान उजेडात धरलं
तर पेन्सिलने केलेले, खोडलेले
चार जुने मोगल दिसले.

कोणी केली ही?

"तू झोपला होतास,"
ती जिभेने दात ढकलत म्हणाली.
"उठवलं असतं तर आई ओरडली असती.
म्हणून तुझं काम मी केलं."

ओरडायला तोंड उघडलेलंच होतं माझं.

काल रात्री तीनला
बेअरिंगच्या कड्यांचा लॉट आला.
पन्नासांतल्या पाच मोजायच्या असतात.
मी दोन मोजल्या,
तक्त्यात पाच आकडे लिहिले,
खाली सही केली. रेघ. दोन टिंबं.
हात गारठले होते, असं मी
कुणी विचारलं तर सांगणार होतो.

कुणी विचारलं नाही.

तिला पुढ्यात बसवलं.
कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत रेघ मारली.
रात्रभर मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस मी,
तरी ती मध्येच डावीकडे सरकली.
आरशात तिने डोकं फिरवून पाहिलं.
वाकडा आलाय भांग.
किती?
तिने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं,
मधून एक द्राक्ष जाईल इतकं.
मग स्वतःच म्हणाली, चालेल.

तिच्या सहीशेजारी मी माझी केली.
घाईत केलेली.
तिची जास्त खरी दिसत होती.
सातचा पाढा जिन्यात म्हणायचा ठरलं.
सात चोक अठ्ठावीसपर्यंत गेलो
आणि खालून बेंडकुळे काकांचा भोंगा.

बाटली राहिली.
बनियनवर चार मजले धावलो.
रिक्षात आठ पोरं, नववी ती,
गुडघ्यांच्या मधून तिचा हात बाहेर आला.
मी बाटली दिली, तिने मूठ उघडली.
"बघ, आपोआप पडला. मी नाही ओढला."
हसली तेव्हा त्या फटीतून
वाफ बाहेर आली.
रिक्षा सुटली. सात पंचे माझ्याकडेच राहिले.

पडलेला दात कौलावर टाकतात म्हणे.
आमच्यावर स्लॅब, स्लॅबवर टाकी.
मी तो वाटीत ठेवला,
वर बशी झाकली.
फ्रीजवरच्या चिठ्ठीखाली लिहिलं:
मी ओढला नाही.
सवयीने सही केली.
टिंबं द्यायची राहून गेली,
ते झोपताना आठवलं.
उठलो नाही.